गोदाकाठाहून खाडीकडे : एका पक्षी-सहलीची आखणी

आपल्या बीड जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही आणि मी तर अद्याप समुद्र पाहिलेलाही नाही. असे असता खाडीवरच्या पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याच्या सहलीविषयी मी लिहावे, याचे काहींना हसू येईल. परंतु आम्ही चौघा मित्रांनी माघ महिन्यात जीपने अशी सहल काढायचे ठरविले आहे. प्रवास अजून व्हायचा आहे; आखणी करताना जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम मार्ग. गोदावरी ही आपल्या जिल्ह्याची उत्तर सीमा. तिच्या प्रवाहाच्या उलट दिशेने निघाले की पैठणचा नाथसागर लागतो. तेथे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. आणखी वर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी नांदूर मधमेश्वर आहे. पुढे नाशिक, आणि कसारा घाट उतरला की ठाण्याची खाडी. इराणमधील रामसर गावी १९७१ साली पाणथळ जागांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या यादीत महाराष्ट्रातून प्रथम नांदूर मधमेश्वरचे नाव गेले. ठाणे खाडीचे २०२२ मध्ये.

ऋतू हिवाळ्याचाच का? उत्तरेकडचे प्रदेश गोठले की बदके आणि पट्टकादंब दक्षिणेकडे येतात. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतो. इकडे त्याच सुमारास धरणांचे पाणी हळूहळू मागे सरते, काठचा चिखल उघडा पडतो आणि त्यात किडे, शंख-शिंपले व कोवळे गवत यांचे ताट वाढलेले असते.

आता उजेड. सूर्य आपल्या पाठीशी आणि पक्षी समोर, हा साधा नियम. पैठणचे धरण जलाशयाच्या पूर्व टोकाला आहे. म्हणून तेथे सकाळी उभे राहून पश्चिमेला पाण्याकडे पाहावे. ऐरोलीही खाडीच्या पूर्व काठावर असल्याने तेथेही सकाळच बरी. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग एक हजारांश सेकंद तरी ठेवावा, नाहीतर पंख पुसट येतात. आमच्याजवळ मागून आणलेला एकच कॅमेरा आहे. त्यामुळे पाळ्या ठरविल्या आहेत. ज्याची पाळी नसेल त्याने वहीत नोंदी करायच्या.

खाडीवर मात्र उजेडाइतकीच भरतीची वेळ महत्त्वाची. रोहित पक्षी चोच उलटी धरून चिखल-पाण्यातले शेवाळ व सूक्ष्म जीव गाळून खातो; त्या आहारातूनच त्याला गुलाबी रंग मिळतो. पूर्ण ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो व पक्षीही दूर जातात. पाणी चढू लागले की ते काठाकडे सरकतात. ही वेळ काढायला पंचांग पुरते! तिथीच्या आकड्याला ३ ने गुणून ४ ने भागावे, म्हणजे मुंबईकडच्या पूर्ण भरतीची वेळ अदमासे मिळते. त्रयोदशीला १३ गुणिले ३ भागिले ४, म्हणजे पावणेदहा. तेव्हा सकाळी सात-साडेसातला पाणी चढत असणार. खाडी आत शिरलेली असल्याने तेथे थोडा उशीर धरावा. ऐरोलीला वन विभागाचे सागरी जैवविविधता केंद्र आहे. तेथील बोटीही भरती पाहून सुटतात. म्हणून खाडीसाठी माघ शुद्ध त्रयोदशी नक्की केली आणि बाकीचे दिवस उलटे मोजले : दशमीला पहाटे बीड सोडून गेवराई-पाचोडवरून पैठण, एकादशीला नांदूर मधमेश्वर, द्वादशीला ठाणे.

एक चूक कबूल करतो. गेल्या वर्षी गावच्या तलावावर चांगले चित्र मिळावे म्हणून मी बदकांच्या थव्याकडे धावलो. थवा उठला, चित्र बिघडले आणि पाखरे संध्याकाळपर्यंत परतली नाहीत. हजारो कोस उडून आलेल्या पाहुण्याला खाण्यावरून उठविल्यासारखेच ते झाले. म्हणून आमचा पहिला नियम असा, की पक्ष्याने मान वर करून आपल्याकडे पाहिले की तेथेच थांबायचे. घरट्याजवळ जायचे नाही.

खर्चाचा विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, "पाखरं आपल्या शिवारात बी हायेत की. त्याला ठाण्याला कशाला जायाचं?" मला लगेच उत्तर सुचले नाही. माझे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पाखरे यायच्या वेळेस आमचे घर रिकामे होते आणि पाखरे जायच्या वेळेस भरते. सारा हिवाळा उसाच्या फडात जात असल्याने हे पाहुणे तिने कधी निवांत पाहिलेच नाहीत. यंदा त्यांची टोळी नेवाशाकडे आहे आणि आमचा रस्ता तिथूनच जातो. दशमीचा मुक्काम त्यांच्या कोपीवर करायचा असे ठरले आहे. सकाळी नाथसागरावर टिपलेली पाखरे त्या रात्री कॅमेऱ्याच्या पडद्यावर आईला दाखवीन. तिच्या प्रश्नाचे माझ्याजवळ सध्या एवढेच उत्तर आहे.

तिचे म्हणणे मात्र खोटे नाही. म्हणून निघण्यापूर्वीचा एक रविवार आम्ही सिंदफणेवरच्या माजलगाव धरणासाठी राखला आहे. तेथे जीप लागत नाही, एस.टी. पुरते. ज्यांना ठाणे दूर वाटेल, त्यांनी त्या रविवारी आमच्याबरोबर अवश्य यावे. येताना वही-पेन्सिल आणावी. कॅमेरा नसला तरी चालेल.