सांडवा आधी, भिंत नंतर

इगतपुरी तालुक्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. दारणा, मुकणे, भावली, अप्पर वैतरणा ही धरणे इथलीच. दारणा तर मातीचेच, १९१६ सालचे. या धरणांचे पाणी नगरच्या कालव्यांना आणि मुंबईच्या नळांना जाते, आणि डोंगरावरच्या वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. भातानंतर वाल-हरभरा घ्यायचा, गुरांना पाणी ठेवायचे, तर आपल्या रानातला ओहोळ आपणच अडवावा लागतो.

असा बांध म्हणजे मातीचा नुसता ढीग नव्हे. त्याचे खरे काम जमिनीखाली सुरू होते. गवत, मुळ्या, भुसभुशीत माती काढून कठीण मुरूम किंवा खडक लागेपर्यंत चर खणायचा आणि त्यात चिकण माती ठासायची. हा चर टाळला, तर पाणी बांधाच्या पोटाखालून वाट काढते. वरची माती वीतभर जाडीच्या थरांनी पसरून, ओली करून दाबायची. आत चिकण माती, बाहेर मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडांची पिचिंग. उतार जितका आडवा, तितका बांध टिकाऊ.

एवढे करूनही इगतपुरीत बांध राखतो तो सांडवा. आषाढातल्या एका रात्रीत ओहोळाला लोंढा येतो आणि पाणी माथ्यावरून वाहू लागले की माती कापली जाते. म्हणून सांडवा भरावावर नको, बाजूच्या कठीण जमिनीत हवा आणि बांधाच्या माथ्यापेक्षा हातभर तरी खाली हवा. साठा वाढावा म्हणून सांडव्याच्या तोंडाशी दगड रचणे हा मला सर्वांत घातक मोह वाटतो.

पाझराचेही तसेच. बांधाच्या पायथ्याशी नितळ पाणी झिरपत असेल तर लक्ष ठेवावे. ते गढूळ झाले, तर आतली माती वाहून चालली आहे असे समजावे आणि साठा लगेच उतरवावा. खेकड्यांची आणि उंदरांची बिळे वेळीच बुजवावीत, बांधावर झाडे वाढू देऊ नयेत. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या.

ते धरण सरकारी होते. खासगी बांधाची तक्रार कोणाकडे करणार? २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू आहे. शेतातला बांध त्यात येत नाही, त्यामुळे तपासणी मालकानेच करायची. मृगाच्या आधी सांडवा मोकळा करा, आणि खालच्या वस्तीतल्या माणसांना सोबत नेऊन बांध दाखवा.