संगणकांची घड्याळे आणि एक प्रमाणवेळ

बेळगावी व निपाणी परिसरात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरीने साडेबारा वाजून गेलेले असतात. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर आधारलेली असून हा परिसर त्याच्या पश्चिमेस सुमारे ८ अंशांवर आहे. एका अंशास ४ मिनिटे, म्हणून फरक सुमारे ३२ मिनिटांचा. १ जानेवारी १९०६ रोजी प्रमाणवेळ लागू झाली आणि गावोगावच्या निरनिराळ्या वेळा क्रमाने मागे पडल्या. आज तोच प्रश्न कार्यालयांतील संगणकांच्या बाबतीत उभा राहतो.

संगणकाचे घड्याळ स्फटिकाच्या कंपनांवर चालते. त्यात दहा लाखांत दहा भाग इतकीच चूक असली, तरी वर्षाकाठी सुमारे ५ मिनिटांचा फरक पडतो. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५२ अन्वये दस्त सादर होताच त्यावर दिवस, वेळ व ठिकाण नमूद करावे लागते. अशी नोंद करणाऱ्या यंत्राचे घड्याळ मागे असेल, तर नंतर आलेला दस्त आधीचा ठरेल आणि शेतकऱ्यास आपला क्रम सिद्ध करणे अवघड जाईल.

यावरील पद्धत डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडली. संगणक वेळदर्शक सर्व्हरला विचारणा करतो व उत्तर येण्यास लागलेला काळ मोजतो. जाण्यायेण्यास ४० सहस्रांश सेकंद लागले, तर त्याचा निम्मा भाग उत्तरात मिळवून तो आपली वेळ सुधारतो. लहान फरक एकदम न बदलता हळूहळू भरून काढला जातो. त्यामुळे नोंदींचा क्रम बिघडत नाही.

हे काम प्रत्येक यंत्रावर हाताने केल्यास कोठेतरी चूक राहतेच. म्हणून कोणत्या सर्व्हरकडून वेळ घ्यावी, ही सूचना एकाच ठिकाणी लिहून सर्व यंत्रांना आपोआप पोचविली जाते. नवे यंत्र जोडताच त्यासही ती लागू होते आणि कोणी बदल केल्यास पुढील तपासणीत तो दुरुस्त होतो. वेळेचे मूळ एकच नसावे. निदान तीन असल्यास चुकणारे ओळखता येते.

केंद्र शासनाच्या संगणक सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशाद्वारे शासकीय संस्थांना राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी संगणक जोडणे बंधनकारक केले आहे. प्रयोगशाळेतील आण्विक घड्याळे ही देशाच्या प्रमाणवेळेचा आधार होत. कार्यालयप्रमुखांनी ही जोडणी चालू असल्याची वेळोवेळी खात्री करून घेणे इष्ट होय.