विंडोज नाही, तरी विंडोजचे गेम्स चालतात. हातातल्या गेमिंग पीसीवर लिनक्स हे कसं जमवतं?

मे २०२५ मध्ये लेनोवोने 'लिजन गो एस' हा हातात मावणारा गेमिंग पीसी नव्या रूपात बाजारात आणला. विंडोजवर चालणारं मॉडेल आधीपासून होतंच. नव्या मॉडेलमध्ये विंडोज नव्हतं, त्याजागी स्टीमओएस ही लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टीम होती. पुढच्याच महिन्यात 'आर्स टेक्निका' या अमेरिकी वेबसाइटने एकाच यंत्रावर दोन्ही सिस्टीम टाकून पाच गेम्स चालवून पाहिले. पाचपैकी चार गेम्समध्ये स्टीमओएसवर दर सेकंदाला जास्त फ्रेम्स मिळाल्या, म्हणजे गेम जास्त सुरळीत चालला.

हे गेम्स बनवले होते विंडोजसाठी. मग ते विंडोजपेक्षा लिनक्सवर चांगले कसे चालले? आणि हे इतकं सोपं असेल तर सगळे जण विंडोज सोडून का देत नाहीत? समजून घेऊया.

हँडहेल्ड गेमिंग पीसी म्हणजे काय?

दिसायला हे यंत्र निन्टेंडो स्विचसारखं असतं. मधे सात-आठ इंचांचा पडदा, दोन्ही बाजूंना बटणं आणि जॉयस्टिक. पण आत असतो पूर्ण कॉम्प्युटर. त्यामुळे पीसीसाठी विकत घेतलेले गेम्स यावर चालतात, वेगळे घ्यावे लागत नाहीत.

हा प्रकार लोकप्रिय केला तो व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीच्या 'स्टीम डेक'ने. स्टीम हे पीसी गेम्सचं जगातलं सगळ्यात मोठं ऑनलाइन दुकान याच कंपनीचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये डेक बाजारात आला, किंमत ३९९ डॉलरपासून. त्यानंतर असूसचा 'आरओजी ॲलाय', लेनोवोचा 'लिजन गो', एमएसआयचा 'क्लॉ' असे प्रतिस्पर्धी आले. त्या सगळ्यांमध्ये विंडोज ११ होतं. भारतात स्टीम डेकची अधिकृत विक्री होत नाही. आरओजी ॲलाय मात्र जुलै २०२३ मध्ये ६९,९९० रुपयांना इथे आला. त्यामुळे भारतात अधिकृतपणे हँडहेल्ड घ्यायचा तर बहुतेकांच्या हाती पहिल्यांदा विंडोजच येतं.

विंडोजची अडचण काय होते?

विंडोज माउस आणि कीबोर्डसाठी बनलेलं आहे. सात इंचांच्या पडद्यावर खिडकी बंद करायची फुली बोटाने दाबताना शेजारचंच बटण दाबलं जातं. पासवर्ड टाकायला पडद्यावरचा कीबोर्ड लागतो आणि तो हवा तेव्हा वर येईलच असं नाही.

दुसरा मुद्दा बॅटरीचा. पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॅट-तासांची होती आणि त्याची मुख्य चिप जास्तीत जास्त १५ वॅट वीज घेते. डेस्कटॉपमधलं एकटं ग्राफिक्स कार्डही याच्या कितीतरी पट वीज खातं. इतक्या तुटपुंज्या शिधोरीत पार्श्वभूमीला चालणारी प्रत्येक सेवा, म्हणजे अपडेट तपासणं, फाइल्सची यादी करणं, विजेट्स, गेमच्या वाट्याचं काहीतरी खाते.

तिसरा मुद्दा झोपेचा. हँडहेल्डवर माणूस वीस मिनिटं खेळतो, स्टेशन आलं की बटण दाबतो आणि संध्याकाळी त्याच जागेवरून पुढे खेळायची अपेक्षा ठेवतो. स्टीम डेकवर हे सहज होतं. विंडोजच्या हँडहेल्डवर यंत्र बॅगेत आपोआप जागं होणं, परत चालू केल्यावर गेम बंद पडलेला असणं, या तक्रारी वापरणारे सुरुवातीपासून करत आले आहेत.

गेम विकणारी कंपनी ऑपरेटिंग सिस्टीम का बनवते?

याचं उत्तर २०१२ मध्ये सापडतं. मायक्रोसॉफ्ट तेव्हा विंडोज ८ आणत होतं आणि त्यात मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं ॲप स्टोअर होतं. व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनी विंडोज ८ ही पीसी क्षेत्रातल्या सगळ्यांसाठी आपत्ती आहे, असं जाहीरपणे म्हटलं. न्यूएल स्वतः मायक्रोसॉफ्टमध्ये तेरा वर्षं काम केलेले. त्यांची भीती साधी होती. स्टीमचा सगळा धंदा विंडोजच्या जमिनीवर उभा आहे. उद्या जमीनमालकाने स्वतःचंच दुकान पुढे केलं तर आपण काय करायचं?

म्हणून व्हॉल्व्हने लिनक्सकडे मोर्चा वळवला. लिनक्स कोणा एकाच्या मालकीचं नाही, त्याचा कोड खुला आहे आणि परवान्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. डिसेंबर २०१३ मध्ये पहिलं स्टीमओएस आलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांनी त्यावर चालणारी 'स्टीम मशीन' ही यंत्रं विकायला काढली आणि ती सपशेल पडली. लिनक्ससाठी गेम्स नव्हते म्हणून ग्राहक नव्हते, आणि ग्राहक नव्हते म्हणून कंपन्या लिनक्ससाठी गेम्स बनवत नव्हत्या.

या अपयशातून व्हॉल्व्हने एक गोष्ट ओळखली. गेम बनवणाऱ्यांना लिनक्सकडे यायला लावणं जमणार नाही. त्यांचे विंडोजचे गेम्सच जसेच्या तसे लिनक्सवर चालवता आले पाहिजेत.

प्रोटॉन नेमकं काय करतं?

ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्हने 'प्रोटॉन' आणलं. त्याचा पाया 'वाईन' हा खुला प्रकल्प आहे, जो १९९३ पासून सुरू आहे. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणं हेच वाईनचं काम.

हे कसं होतं ते एका उदाहरणाने पाहू. समजा, तुम्ही एका कार्यालयाच्या नमुन्यात अर्ज भरून आणलाय, पण तो द्यायचाय दुसऱ्या कार्यालयात. मागणी तीच, भाषा तीच, फक्त छापील नमुना वेगळा. खिडकीपाशी बसलेला एक हुशार कारकून तुमचा अर्ज घेतो, झरझर योग्य नमुन्यात उतरवतो आणि आत पाठवतो. प्रोटॉन हा तो कारकून.

गेम सतत ऑपरेटिंग सिस्टीमकडे मागण्या करत असतो: ही फाइल उघड, हा आवाज वाजव, पडद्यावर हा त्रिकोण काढ. विंडोजचा गेम या मागण्या विंडोजच्या पद्धतीने करतो. त्यातल्या चित्र काढण्याच्या मागण्या 'डायरेक्टएक्स' या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत असतात. प्रोटॉनमधले डीएक्सव्हीके आणि व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन हे भाग त्या मागण्या 'व्हल्कन' या खुल्या पद्धतीत उतरवतात. उरलेल्या बहुतेक मागण्या वाईन सांभाळतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. गेमचा मुख्य हिशेब, म्हणजे शत्रू कुठे आहे, गोळी लागली का, हा प्रोसेसर थेटच करतो. लॅपटॉपमध्ये आणि या हँडहेल्डमध्ये प्रोसेसर एकाच घराण्याचा असल्यामुळे तिथे भाषांतराची गरजच नसते. म्हणून वेग फारसा घटत नाही.

पण वेग वाढतो कसा?

भाषांतराचा थोडा खर्च होतोच. तो इतर ठिकाणी भरून निघतो.

पहिलं कारण वर आलंच आहे: स्टीमओएसच्या गेमिंग मोडमध्ये मागे फारसं काही चालत नाही. पडद्याचं काम 'गेमस्कोप' नावाचा छोटा प्रोग्राम बघतो. फ्रेम्सची मर्यादा ठरवणं, कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणं हे तो कुठल्याही गेमसाठी करू शकतो.

दुसरं कारण शेडर्स. प्रकाश, पाणी, धूर दाखवणाऱ्या छोट्या प्रोग्राम्सना शेडर म्हणतात. प्रत्येक ग्राफिक्स चिपसाठी ते वेगळे तयार करावे लागतात. पीसीवर अनेकदा हे काम खेळता खेळता होतं आणि गेम क्षणभर अडखळतो. सगळ्या स्टीम डेकमध्ये चिप साधारण एकच असल्यामुळे स्टीम तयार शेडर्स आधीच डाउनलोड करून देतं.

तिसरं कारण, मधला कारकून आपल्याच हाताखाली असण्याचा फायदा. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'एल्डन रिंग' आला तेव्हा पीसीवर तो जागोजागी अडखळत होता. व्हॉल्व्हच्या इंजिनिअर्सनी गेम मेमरी कशी मागतो हे पाहिलं आणि भाषांतराच्या थरातच दुरुस्ती केली. गेमच्या कोडला हातही न लावता स्टीम डेकवर ते अडखळणं बरंच कमी झालं.

अर्थात, प्रत्येक गेममध्ये लिनक्सच पुढे असतं असं नाही. ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला की आकडेही बदलतात. एएमडीच्या चिपचे लिनक्स ड्रायव्हर खुले आहेत आणि व्हॉल्व्हने त्यांच्यावर बरंच काम केलंय, त्यामुळे हा फायदा मुख्यतः एएमडीवाल्या यंत्रांना मिळतो.

स्टीमओएस, बझाइट आणि बाकीचे

आजचं स्टीमओएस 'आर्च लिनक्स'वर आधारलेलं आहे. चालू केलं की थेट गेम्सची यादी समोर येते. हवा तर नेहमीसारखा डेस्कटॉपही उघडता येतो. सिस्टीमच्या मूळ फाइल्स कुलूपबंद असतात आणि तिच्या दोन प्रती ठेवलेल्या असतात. अपडेट दुसऱ्या प्रतीवर होतं. ते बिघडलं तर यंत्र जुन्या प्रतीवर सुरू होतं. मे २०२५ च्या ३.७ आवृत्तीपासून लिजन गो एसला अधिकृत आणि इतर एएमडी हँडहेल्डना सुधारित पाठिंबा मिळाला.

त्याच्या कितीतरी आधीपासून 'बझाइट' हा मोफत पर्याय आहे. तो 'फेडोरा' या लिनक्सवर आधारलेला आहे आणि स्वयंसेवक तो चालवतात. असूस, लेनोवो अशा अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर तो चालतो. प्रोटॉनचा कोड खुला असल्यामुळे व्हॉल्व्हच्या मेहनतीचा फायदा बझाइटलाही आपोआप मिळतो.

पण स्वयंसेवी प्रकल्पाची नाजूक बाजूही आहे. जून २०२५ मध्ये फेडोरामधून ३२-बिटचे जुने घटक काढून टाकायचा प्रस्ताव आला. स्टीम आणि अनेक जुन्या गेम्सना ते घटक लागतात. असं झालं तर प्रकल्प बंद करावा लागेल, असं बझाइटच्या संस्थापकांनी सांगितलं. पुढे विरोध झाल्यावर तो प्रस्ताव मागे घेतला गेला.

मग गाडी अडते कुठे?

ऑनलाइन स्पर्धेच्या गेम्समध्ये. कोणी फसवून जिंकू नये म्हणून या गेम्ससोबत अँटी-चीट सॉफ्टवेअर येतं. त्यातले काही विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये बसून लक्ष ठेवतात. लिनक्सवर त्यांना ती जागा मिळत नाही. शिवाय लिनक्सचा गाभा कोणीही बदलू शकतो, त्यामुळे फसवणूक पकडणं अवघड होतं, असं काही कंपन्यांचं म्हणणं आहे.

परिणाम असा की भारतातही भरपूर खेळला जाणारा 'व्हॅलोरंट' स्टीमओएसवर चालत नाही. 'फोर्टनाइट' आणि 'कॉल ऑफ ड्यूटी'चे नवे भागही नाहीत. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या प्रणालींनी २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी सोय केली होती, पण ती सुरू करायची की नाही हे गेम बनवणारी कंपनी ठरवते.

जास्त बोचतं ते चालणारा गेम बंद होणं. सप्टेंबर २०२४ मध्ये 'जीटीए ऑनलाइन'मध्ये बॅटलआय आलं आणि स्टीम डेकवरून ऑनलाइन खेळणं थांबलं. ऑक्टोबरच्या अखेरीस 'एपेक्स लेजंड्स'ने लिनक्सचा पाठिंबा काढून घेतला. खेळाडूंचे पैसे, तास, मिळवलेल्या वस्तू सगळं खात्यात तसंच होतं, फक्त त्यांच्या यंत्राला आत प्रवेश नव्हता. ऑक्टोबर २०२५ च्या स्टीमच्या पाहणीत लिनक्स वापरणाऱ्यांचं प्रमाण पहिल्यांदाच ३ टक्क्यांवर गेलं. हा आकडा लहान असेपर्यंत कंपन्यांना फारशी फिकीर करायचं कारण नाही.

मायक्रोसॉफ्टने काय केलं?

स्पर्धा उभी राहिली की विंडोजलाही बदलावं लागतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये असूस आणि मायक्रोसॉफ्टने मिळून 'आरओजी एक्सबॉक्स ॲलाय' आणला. त्यात यंत्र सुरू होताच डेस्कटॉपऐवजी एक्सबॉक्सचा पूर्ण पडदा येतो आणि मागच्या अनेक सेवा सुरूच होत नाहीत. लिनक्स कधीही न वापरणाऱ्यालाही या चढाओढीचा फायदा झाला तो असा.

दुसरीकडे, स्टीमओएसमुळे सगळं मोकळं झालं असंही नाही. ऑपरेटिंग सिस्टीम खुली असली तरी समोर उघडतं ते स्टीमचंच दुकान. विकल्या गेलेल्या गेमच्या रकमेतला साधारण ३० टक्के वाटा व्हॉल्व्ह घेतं. आणि स्टीमवर आपण विकत घेतो तो गेम वापरायचा परवाना असतो. एपिक किंवा जीओजीवरून घेतलेले गेम्स 'हिरोइक' या खुल्या ॲपमधून चालवता येतात, पण ती खटपट आपली आपण करायची. एक्सबॉक्स गेम पासचे गेम्स तर यंत्रावर उतरवता येत नाहीत, क्लाउडवरूनच खेळावे लागतात.

तुमच्याकडे विंडोजचा हँडहेल्ड असेल तर?

आधी तुम्ही नेहमी खेळता ते पाच-सहा गेम्स कागदावर लिहा. ते लिनक्सवर कसे चालतात हे 'प्रोटॉनडीबी' या साइटवर वापरणाऱ्यांनीच नोंदवलेलं असतं. स्टीमवर त्या गेमच्या पानावर डेकसाठीचा शेराही दिसतो. यादीत व्हॅलोरंटसारखा गेम असेल तर विंडोजच ठेवा. यादी एकट्याने खेळायच्या गेम्सची असेल तर बदल करून पाहायला हरकत नाही.

सिस्टीम बदलताना आतली सगळी माहिती पुसली जाऊ शकते. त्यामुळे सेव्ह केलेले गेम्स क्लाउडवर गेले आहेत का ते तपासा आणि विंडोज परत टाकायचा पेनड्राइव्ह आधी बनवून ठेवा. तुमच्या मॉडेलचं नाव बझाइट किंवा स्टीमओएसच्या पाठिंब्याच्या यादीत आहे ना, हेही पाहा. आवाज, ब्लूटूथ आणि झोपेतून जागं होणं या तीन गोष्टी तुमच्या मॉडेलवर नीट चालतात, असं वापरणारे सांगत असतील तरच पुढे जा.