वेब्ली रिव्हॉल्व्हर

वेब्ली रिव्हॉल्व्हर : ब्रिटिश सैन्याचे मोठ्या व्यासाचे प्रसिद्ध हातशस्त्र. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील वेब्ली या उद्योगसंस्थेच्या नावावरून ते ओळखले जाते. १८८७ पासून सु. साठ वर्षे ०·४५५ इंच (सु. ११·६ मिमी.) व्यासाच्या काडतुसाचे हे शस्त्र ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांत वापरात होते. रिव्हॉल्व्हरच्या तंत्रविद्येप्रमाणेच गोळीच्या संहारक्षमतेवर मर्यादा घालण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नांच्या इतिहासातही त्यास स्थान आहे.

पूर्वेतिहास : वेब्ली संस्थेने १८६७ मध्ये आयर्लंडच्या पोलीस दलासाठी अखंड चौकटीचे रिव्हॉल्व्हर तयार केले. त्यानंतर १८७२ मध्ये खिशात मावणारे आखूड नळीचे ‘बुलडॉग’ रिव्हॉल्व्हर बाजारात आले. ब्रिटिश सैन्यात १८८० पासून एन्फील्ड रिव्हॉल्व्हर होते. परंतु वापरलेली काडतुसे बाहेर टाकण्याची त्याची यंत्रणा सदोष होती. त्यामुळे १८८७ मध्ये वेब्लीची निवड झाली. १८९७ मध्ये वेब्ली व अन्य दोन संस्था एकत्र येऊन ‘वेब्ली अँड स्कॉट’ ही संस्था स्थापन झाली.

रचना व कार्य : या रिव्हॉल्व्हरची चौकट दोन भागांची असून ते भाग नळीखाली पुढील बाजूस बिजागरीने जोडलेले असतात. घोड्याजवळील खटका अंगठ्याने दाबला की नळी व सहा घरांचे फिरते दंडगोल खाली झुकतात. त्याच वेळी ताऱ्याच्या आकाराचा निष्कासक वर येऊन सर्व रिकामी काडतुसे एकदम बाहेर टाकतो. यामुळे घोड्यावर बसूनही शस्त्र त्वरेने पुन्हा भरता येते. चाप ओढल्याने दंडगोल एक घर पुढे फिरते, घोडा मागे जातो व सुटून काडतुसावर आदळतो. घोडा अंगठ्याने आधी मागे ओढूनही गोळी झाडता येते. त्या वेळी चाप हलका लागतो व नेम अधिक अचूक साधतो.

प्रकार : सैनिकी वेब्लीचे सहा मुख्य प्रकार (मार्क) आहेत. पहिल्याची (१८८७) नळी ४ इंच (१०·२ सेंमी.) लांबीची व मूठ पक्ष्याच्या चोचीप्रमाणे वळलेली होती. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत घोडा, दंडगोलाची पकड इ. भागांत सुधारणा झाल्या. चौथा (१८९९) अधिक चांगल्या पोलादाचा असून बोअर युद्धात वापरला गेला. पाचव्यात (१९१३) कॉर्डाइट दारूचा दाब सोसण्यासाठी दंडगोल जाड केले. सहावा (१९१५) सर्वांत प्रसिद्ध होय. त्याची नळी ६ इंच (१५·२ सेंमी.), एकूण लांबी सु. २८·६ सेंमी. व वजन सु. १·१ किग्रॅ. असून मूठ चौकोनी आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांतील चिखलातही तो विश्वसनीय ठरला. त्यास जोडण्याची संगीनही १९१६ च्या सुमारास निघाली.

वेब्ली-फॉस्बेरी हा वेगळाच प्रकार १९०१ मध्ये निघाला. त्याचे संशोधक जॉर्ज फॉस्बेरी हे हिंदुस्थानातील सैन्यात अधिकारी होते व तेथील वायव्य सरहद्दीवर १८६३ मध्ये त्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला होता. यात प्रत्याघाताने चौकटीचा वरचा भाग मागे सरकतो व दंडगोलावरील नागमोडी खाचांमुळे दंडगोल आपोआप फिरते. सरकत्या भागांत चिखल शिरत असल्याने युद्धभूमीवर ते कमी उपयुक्त ठरले व सैन्याने ते अधिकृतपणे स्वीकारले नाही.

काडतूस व गोळीचा वाद : मूळ गोळी शिशाची असून तिचे वजन २६५ ग्रेन (सु. १७·२ ग्रॅ.) होते. वेग कमी, सेकंदास सु. १९० मी., परंतु वजन अधिक अशी ही योजना होती. जवळून धावून येणाऱ्या शत्रूस एका गोळीत थोपविणे हा तिचा हेतू होता. त्यासाठीच १८९८ मध्ये पोकळ टोकाची, शरीरात पसरणारी गोळी काढण्यात आली. ‘दमदम’ गोळ्यांप्रमाणेच या गोळीने होणाऱ्या जखमा भीषण असत. १८९९ च्या हेग परिषदेने पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालणारा जाहीरनामा केला. वसाहतींतील युद्धांत अशी गोळी आवश्यक असल्याचा युक्तिवाद ब्रिटिश प्रतिनिधीने केला आणि ब्रिटनने जाहीरनाम्यास १९०७ मध्ये मान्यता दिली. युरोपीय सैनिकास जी जखम निषिद्ध, ती वसाहतीतील माणसास क्षम्य, ही विसंगती त्या युक्तिवादातून उघड होते. सदर गोळी मात्र १९०० मध्येच मागे घेण्यात आली. १९१२ नंतर आलेल्या सपाट टोकाच्या गोळ्याही १९१४ मध्ये युद्धारंभानंतर काढून टाकाव्या लागल्या.

उत्तरकाल : मोठ्या व्यासाच्या शस्त्राचा झटका नवशिक्या सैनिकास आवरत नसे. म्हणून पहिल्या महायुद्धानंतर ०·३८ इंच व्यासाची व २०० ग्रेन (सु. १३ ग्रॅ.) गोळीची निवड झाली. वेब्लीने त्यासाठी रचना सादर केली. पण सरकारी कारखान्याने तीवर आधारित एन्फील्ड रिव्हॉल्व्हर (१९३२) काढले. वेब्लीने २,२५० पौंडांची भरपाई मागितली असता अखेर १,२५० पौंड मिळाले. दुसऱ्या महायुद्धातील टंचाईमुळे सरकारने वेब्लीचे ०·३८ इंची रिव्हॉल्व्हरही मोठ्या संख्येने घेतले. सहावा प्रकार १९४७ मध्ये सेवेतून निवृत्त झाला. अमेरिकेत गेलेल्या अनेक जुन्या वेब्लींचे दंडगोल कापून ती ०·४५ इंची स्वयंचलित पिस्तुलाच्या काडतुसांसाठी बदलण्यात आली. मात्र या काडतुसांचा दाब अधिक असल्याने असा वापर धोकादायक ठरतो.

भारतात शस्त्र नियमांनुसार (१९६२) ०·३८० व ०·४५५ इंची सैनिकी काडतुसे वापरता येतील अशी रिव्हॉल्व्हरे निषिद्ध वर्गात टाकण्यात आली. त्यामुळे परवानाधारक नागरिकांसाठी ०·३२ इंची रिव्हॉल्व्हर प्रचलित झाले. कानपूर येथील सरकारी कारखान्याचे असे रिव्हॉल्व्हर वेब्लीच्या रचनेवरच बेतलेले आहे व त्याची काडतुसे पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात (स्था. १८६९) तयार होत आली आहेत.