समजूत कुणी कुणाची काढायची?

"तृतीयपंथीयांना कुठलं आलंय लग्न नि संसार?" असं आजही बिनदिक्कत बोललं जातं. 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, ही बातमी घरोघरी पोचली. पारलिंगी स्त्रीने पुरुषाशी किंवा पारलिंगी पुरुषाने स्त्रीशी केलेलं लग्न आहे त्याच कायद्यात बसतं, असंही त्याच निकालात म्हटलं होतं. त्याची चर्चा फारशी झालीच नाही. स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी एकच न मानणाऱ्या नॉनबायनरी व्यक्तींच्या नात्याचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

दुसरा समज जरा सोज्वळ आहे: अशा नात्यात सोसतो तो जोडीदार, पारलिंगी व्यक्ती नुसता आधार घेते.

मराठी घरात हे तपासायला एक फोन पुरतो. दोघंच असताना मैत्रीण आपल्या पारलिंगी पुरुष जोडीदाराला "आलास का?" म्हणते, पण फोनवर मावशी असली की "हो, ती आलीये" म्हणून वेळ मारून नेते. फोन ठेवल्यावर तिला अपराधी वाटतं आणि "जाऊ दे गं" म्हणत तिची समजूत काढायची वेळ त्याच्यावरच येते. दुखावलेला तो, फुंकर घालणाराही तोच.

पण म्हणून जोडीदाराचं ओझं खोटं ठरत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ कार्ला फेफर यांनी पारलिंगी पुरुषांच्या 50 स्त्री-जोडीदारांशी बोलून 2010 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. घरकाम, मन सांभाळणं, उपचारांच्या काळातली देखभाल यांचा मोठा वाटा या बायकांकडेच होता. त्याचं कारण त्या काय देत? "माझा स्वभावच तसा." हे उत्तर आपल्याकडच्या कुठल्याही सुनेच्या तोंडी शोभेल.

हिजडा समाजातल्या जोडप्यांत पारडं उलटं झुकलेलं दिसतं. गायत्री रेड्डी यांच्या हैदराबादवरच्या 2005 च्या पुस्तकात आपली कमाई 'जोडी'वर, म्हणजे नवऱ्यावर, खर्च करणाऱ्या हिजड्या भेटतात. यातल्या काही नवऱ्यांची दुसरीकडे बायकोही असते.

आणि "त्यांना गुरू-चेल्यांचं कुटुंब असतंच की" हा दिलासाही अर्धाच खरा. गुरू आसरा देतो, पण चेल्याने कमाईतला वाटा द्यायचा, घरकाम करायचं, गुरूची मर्जीही राखायची. ज्यांच्या माथी हिजडा समाजाचं नाव मारलं जातं, पण जे त्यात कधी राहिलेच नाहीत, त्या पारलिंगी पुरुषांना आणि नॉनबायनरी व्यक्तींना तर तेवढंही छप्पर नाही. रात्री भांडण झालं, तर मन मोकळं करायला त्यांच्याकडे बहुधा एकच माणूस असतो: ज्याच्याशी भांडण झालं तो.