हंसाची पिसे

हंस मराठी माणसाच्या कानात जितका आहे, तितका डोळ्यांत नाही. सरस्वतीचे वाहन हंस, नळ-दमयंतीचा दूत हंस आणि दूध-पाणी वेगळे करणाराही हंसच. तरी 'हंस दिसतो कसा?' असे वर्गात कुणी विचारले, तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कॅलेंडरवरचा पांढराशुभ्र, लांब मानेचा पक्षी उभा राहतो. तो युरोप व मध्य आशियातला 'स्वान'. भारतात तो वायव्येच्या बाजूला क्वचितच येतो. आपल्या तलावांवर त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

मग गोंदिया जिल्ह्यात हंस नाहीच का? आहे, पण तो राखाडी आहे. मराठीत त्याला पट्टकादंब म्हणतात, कुणी राजहंसही म्हणतात. अमरकोशातला राजहंस पांढरा, लाल चोचीचा व लाल पायांचा आहे. त्यामुळे काव्यातला हंस नेमका कोणता, हा विद्वानांचा वाद जुना आहे. पण हिमालयापलीकडच्या सरोवरांतून दर हिवाळ्यात आपल्याकडे उतरणारा हंसकुळातला पक्षी हाच.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. हिवाळ्यात सकाळी सूर्य पाठीशी घेऊन मी त्याच्या काठावर बसतो. दुर्बीण आठपट मोठे दाखवणारी असली तरी पुरते. पट्टकादंब रात्री शेतांत व गवतात चरतात आणि दिवसा पाण्याकाठी विसावतात, म्हणून त्यांची पिसे निवांत पाहायला मिळतात. डोके पांढरे, त्यावर मागच्या बाजूने दोन काळे आडवे पट्टे. वरचा एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत, खालचा आखूड, मानेवर. मानेची मागची बाजू काळपट, तिच्या कडेने उतरणारी पांढरी रेघ. अंग फिकट राखाडी. चोच व पाय नारिंगी-पिवळे. पंख उघडले की पुढचा भाग फिका आणि मागची उड्डाणपिसे काळी दिसतात.

या काळ्या-पांढऱ्यामागे कारण आहे. पांढऱ्या पिसात रंगद्रव्य नसते. पिसातल्या हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांवरून प्रकाश विखुरतो. दुधाचा फेस पांढरा दिसतो, तसेच हे. काळ्या पिसात मेलॅनिन असते आणि त्याने पीस चिवट होते. उडताना सर्वांत जास्त झिजणारी पिसे काळी असणे पक्ष्याच्या सोयीचेच आहे. शिवाय शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिचे तेल चोचीने अंगभर लावून हा पक्षी पिसांचे बारीक आकडे पुन्हा एकमेकांत गुंतवून घेतो. आपण ज्याला सहज 'अंग खाजवतोय' म्हणतो, ती खरी दुरुस्ती असते.

कावळा उड्डाणपिसे थोडी थोडी गाळतो. हंसकुळातले पक्षी मात्र ती एकदमच गाळतात आणि काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. हे उन्हाळ्यात तिबेट, लडाख, मंगोलियाकडच्या सरोवरांवर घडते. आपल्याकडे ते येतात ते नव्या पिसांवर. त्याच पिसांवर ते हिमालय ओलांडतात. मागोवा घेणाऱ्या यंत्रांनी त्यांची उंची सात हजार मीटरांवर नोंदली आहे. त्यांच्या रक्तातले हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू चांगला उचलते.

कालिदासाच्या मेघदूतात हंस मेघाबरोबर मानसाकडे निघतात. रामटेक हाच रामगिरी असे आपण मानतो, तेव्हा हे वर्णन आपल्या शेजारचेच. कवीने दिशा अचूक सांगितली आहे. वेळ मात्र जुळत नाही. मार्च-एप्रिलपर्यंत पट्टकादंब परतलेले असतात, आषाढातल्या मेघाला ते भेटणे कठीण. काव्याला त्याने उणेपणा येत नाही, परंतु वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने तलावाकडेही पाहावे असे मला वाटते.

या पाहण्याचा उपयोगही आहे. यंदा जन्मलेल्या पिलाच्या डोक्यावर आडवे पट्टे नसतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला थव्यात पट्टेवाले किती व बिनपट्ट्याचे किती हे मोजले, तर दूरच्या उन्हाळ्यात वीण कशी झाली याचा अंदाज बांधता येतो. 2005 साली चीनमधील चिंघाय सरोवरावर बर्ड फ्लूने हजारो पाणपक्षी मेले. त्यांत पट्टकादंबच सर्वाधिक होते. एक सरोवर दुखावले की दुसरे तलाव सुने पडू शकतात. आपल्याकडे बेशरमाची झुडपे काठ गिळत आहेत, आणि हंसाला विसावायला मोकळा काठ लागतो. तो नाहीसा झाला तर कॅलेंडरवरचा पांढरा हंस तसाच राहील. त्यामुळे राखाडी हंस गेल्याचे कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून नोव्हेंबरपासून एखादी वही तलावाकाठी न्यावी, तारीख घालावी आणि पट्टे मोजावेत.