दोन खोल्यांत एक आगगाडी

घरात आगगाडी बांधायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो जागेचा, आणि जागेचा प्रश्न आला म्हणजे तो आपल्याच गळ्यात पडतो. पुरुषमंडळी नकाशे काढतात, मुलं नाचतात, आणि ‘हे सगळं ठेवायचं कुठे?’ एवढंच आपण विचारलं की आपण अरसिक ठरतो! म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या घरी हे खूळ शिरलंच, तर इंजिन विकत आणायच्या आधी टेप हातात घ्या.

चावीची गाडी गोल गोल फिरवायची आणि दिवाळीनंतर खोक्यात टाकायची, त्यातला हा प्रकार नव्हे. फळीवर कायमचे रूळ, स्टेशन, डोंगर, झाडं, माणसं, सारं एकाच मापात बसवायचं. मापं दोन जास्त चालतात. एकाला ‘एचओ’ म्हणतात. त्यात खरी वस्तू ८७ पट लहान होते आणि रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर असतं. दुसरं ‘एन’, १६० पट लहान, रुळांत अंतर नऊ मिलिमीटर. पाच फुटी बाई एचओमध्ये पावणेदोन सेंटिमीटरची होते, एनमध्ये जेमतेम एक सेंटिमीटरची. एचओची गाडी ऐटीत वळवायची तर जवळपास चार फूट रुंद फळी लागते. म्हणजे बाजारात मिळणारा आठ बाय चार फुटांचा प्लायवुडचा अख्खा तक्ता. तो आमच्या घरात मांडला असता तर आम्हाला जिन्यात झोपावं लागलं असतं. एनला अडीच फूट रुंदी पुरते. शेजाऱ्यांनी घर दुरुस्त करताना जुनं फ्लश दार काढून टाकलं होतं, साडेसहा बाय अडीच फुटांचं. तेच आम्ही मागून आणलं, खाली चाकं लावली आणि पलंगाखाली सरकवलं. वर जुन्या सुती साडीचं पांघरूण. पलंगाची उंची चौदा इंच, तेव्हा आमचा सह्याद्री दाराच्या जाडीसकट त्याखाली मावेल तेवढाच!

सह्याद्री म्हणण्याचं कारण असं, की माझे सासरे रेल्वेत गार्ड होते, आणि त्यांची बरीच नोकरी कर्जत-लोणावळ्याच्या घाटात गेली. बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. तिचा चढ ३७ला एक, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढते. आमच्या घरात कुणी परदेशी पुस्तकातला बर्फाचा डोंगर काढायला लागलं, तर सासऱ्यांनी तो खोडून ठेवला. “घाट करायचा तर आपला करा,” म्हणाले. मग मुलीने वहीत गणित मांडलं. वरचा रूळ पाच सेंटिमीटर उंच नेला, तर त्याखालून दुसरी गाडी जाऊ शकते. पाच गुणिले ३७ म्हणजे १८५ सेंटिमीटर. आमचं दार १९८ सेंटिमीटर लांब! खरा घाट, खऱ्या चढासकट, एका दारावर बसला. ती सातवीत आहे. प्रमाण आणि गुणोत्तर हा धडा शाळेत शिकवताना मला जे साधत नाही, ते त्या दाराने साधलं.

बाकी मात्र कात्री लावावीच लागते. आजचा लांब डबा साडेतेवीस मीटरचा असतो, तो एनमध्ये पंधरा सेंटिमीटर भरतो. वीस डब्यांची गाडी केली तर तीन मीटर, म्हणजे दारापेक्षाही लांब. म्हणून डबे चारच. कर्जतच्या फलाटातलं काय ठेवायचं, यावर घरात आठवडाभर वाद झाला. शेवटी पिवळी पाटी, पाण्याचा नळ आणि वडेवाला एवढं राहिलं. सासऱ्यांची आणखी एक हरकत होती. नऊ मिलिमीटरला १६०ने गुणलं की १४४० होतात, आणि आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. “ही आपली लाइन नव्हेच,” ते म्हणाले. मुलगी म्हणाली, “आजोबा, मेट्रोची समजा.” पुण्या-मुंबईच्या मेट्रोचे रूळ खरोखरच १४३५ मिलिमीटरचे आहेत, त्यामुळे आजोबा निरुत्तर!

इंजिन, रूळ, सांधे आणि कंट्रोलर हे विकतच घ्यावं लागतं, आणि ते स्वस्त नाही. आमच्याकडे महिन्याला एक हजार रुपयांचं पाकीट वेगळं ठेवलं; ते संपलं की त्या महिन्याची रेल्वे बंद. बाकी सगळं स्वयंपाकघरातून निघतं. चहाचा चोथा धुऊन कडकडीत उन्हात वाळवला की तांबडी माती होते (ओलसर राहिला तर पावसाळ्यात बुरशी ठरलेली). सुतारकामाचा भुसा हिरव्या रंगात बुडवला की गवत. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचे तुकडे रंगवले की झाडं. वर्तमानपत्राचे बोळे रचून त्यावर खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, डोंगर तयार. खळीत किडीसाठी मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विष आहे. लहान मूल घरात असेल तर नकोच. रुळांतली खडी म्हणजे रव्याच्या चाळणीतून पडलेली आणि मैद्याच्या चाळणीवर राहिलेली वाळू. फेव्हिकॉलात तेवढंच पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालून ड्रॉपरने सोडायचं. सांध्याच्या हलत्या पट्टीवर मात्र थेंब पडू देऊ नका. आणि खडी म्हणून रवा वापरायचा विचारही नको, मुंग्यांची रांग गाडीआधी स्टेशनात येईल!

विजेची भीती वाटते, ती रास्त आहे. पण रुळांत खेळते ती बारा व्होल्टची वीज. भिंतीतली २३० व्होल्टची वीज बंद डब्यातल्या तयार कंट्रोलरनेच कमी करायची, घरी जोडलेल्या उघड्या ट्रान्सफॉर्मरने कधीही नाही. एक रूळ धन, दुसरा ऋण. दिशा उलटायची तर हे दोन्ही उलटे करायचे, की गाडी मागे येते. दाराच्या दूरच्या टोकाला गाडी रेंगाळत असेल, तर तिथे आणखी दोन तारा रुळांना जोडून द्यायच्या. डाग देताना खिडकी उघडी हवी, आणि नंतर हात साबणाने धुवायचे.

हा डाग कोणी द्यायचा, यावरच आमच्याकडे खरी ठिणगी पडली. ह्यांनी सुरुवातीला मुलीला रंगाचं काम दिलं आणि तारा स्वतःकडे ठेवल्या. मी सरळ सांगितलं, पलंगाखालची जागा माझी आहे. तारा ती जोडणार असेल तरच दार तिथे राहील. सासूबाई म्हणाल्या, “पोरीच्या जातीला आगगाडी कशाला?” आता त्यांना काय सांगायचं? जर्मनीतल्या गोपिंगेन गावी १८५९ साली मेर्कलिन नावाच्या कारागिराने बाहुल्यांच्या स्वयंपाकघराची पत्र्याची भांडी करायला सुरुवात केली. तो १८६६ साली गेला, आणि त्याच्या पत्नीने, कॅरोलिनबाईंनी, कारखाना चालू ठेवला. गावोगाव फिरून माल विकण्याचं कामही त्या करत. त्याच कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत रुळांसकट वाढवता येणारी खेळण्यातली आगगाडी मांडली. भातुकलीतूनच आलेली गाडी आहे ही! सासूबाईंना पटलं की नाही कोण जाणे, पण लुगड्याच्या काठाचे धागे त्यांनीच काढून दिले. विकतची माणसं सगळी कोटटोपीवाली गोरी. मुलीने तारेच्या तुकड्यांना ते धागे गुंडाळून फलाटावर नऊवारीतल्या चार बाया उभ्या केल्या.

सासऱ्यांचा हात आता थरथरतो. बारीक डाग त्यांच्याच्याने होत नाही. ते बोटाने दाखवतात, ती जोडते. मे महिन्यात दिराचा मुलगा आला, तेव्हा सगळ्यांनी सवयीने कंट्रोलर त्याच्या हातात दिला. सासरे खुर्चीतून म्हणाले, “लाइन क्लिअर तिच्याकडून घे.” त्याने मुकाट्याने तिला विचारलं. नंतर दोघांनी मिळून दुपारभर गाड्या सोडल्या.

देखभाल म्हणाल तर घरकामाइतकीच. आठवड्याला मऊ ब्रशने धूळ, आणि स्पिरिट लावलेल्या फडक्याने रूळ पुसणं. रूळ मळले की इंजिन अडखळतं. पुसल्यावर स्पिरिट उडून जाऊ द्या, मगच वीज चालू करा. सुरुवात करण्यापूर्वी जमलं तर मुलांना घेऊन पुण्यात कोथरूडचं भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहा. ते १९९८ साली उघडलं. मुलांना गाड्या दिसतील, तुम्ही मात्र मांडणी पाहा.

आता सासऱ्यांना बँकर हवाय. कर्जतला घाट चढण्यापूर्वी गाडीला मागून ढकलायला इंजिनं लावतात, ती. मागच्या इंजिनाचा वेग पुढच्याशी जुळला नाही, तर वळणावर मधले डबे रुळांवरून उतरतात, म्हणून दोन्ही इंजिनं एकाच जातीची हवीत. पाकिटातले पैसे तेवढ्यासाठी साठतायत. दिवाळीपर्यंत जमतील असं मुलीचं गणित आहे, माझं संक्रांतीपर्यंतचं.